खिडकीकडचा गाल

मामांच्या चेहऱ्याला दोन वयं होती. डावीकडून पाहिलं तर पन्नाशीचा, गुळगुळीत दाढीचा, अंगानं भरलेला माणूस दिसायचा. उजवीकडून पाहिलं तर सत्तरीचा म्हातारा. उजव्या गालावर कानापासून ओठापर्यंत खोल सुरकुत्या, कातडी जाड आणि पिवळट, डोळ्याखाली लोंबलेली पिशवी, कपाळाच्या त्या अर्ध्या भागावर काळे डाग. नवा माणूस डाव्या बाजूनं आला तर "भैया" म्हणायचा, उजव्या बाजूनं आला तर "बाबा". मामा दोन्ही हाकांना ओ द्यायचे.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या उजव्या गालाचं शेवटी जे झालं त्यात माझा हात आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मामांनीच सांगू दिलं नाही, असं मी स्वतःला समजावते. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आता ज्याच्यासाठी गप्प बसायचं तो माणूसच राहिला नाही, म्हणून लिहिते आहे.

मामा रायपूरजवळच्या उरला इथल्या एका रोलिंग मिलची स्टाफ बस चालवायचे. सकाळी पुरानी बस्तीतून माणसं उचलायची, उरल्याला सोडायची, दिवसभर बस मिलच्या आवारात उभी, संध्याकाळी तीच माणसं परत. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे. सकाळी बस उत्तरेला जायची तेव्हा ऊन उजवीकडून यायचं. संध्याकाळी बस दक्षिणेला वळायची तेव्हाही मावळतीचं ऊन उजवीकडूनच. अशी सव्वीस वर्षं. मामांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते म्हणायचे, "सूर्य माह्याच बाजूनं बसते. जाताना बी आन् येताना बी. पक्का पॅसिंजर हाय." इंजिनाची धग पायाशी असल्यामुळे काच बंद करायची सोय नव्हती. चैत्र-वैशाखात रायपूरचं ऊन कसं असतं ते रायपूरकरांना सांगायला नको, आणि मामा त्या उन्हाकडे गाल करून रोज तीन तास बसायचे.

मिलमधले सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून आम्हीही. ते आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, चार घरं सोडून राहायचे. मूळचे तुमसरकडचे, आमच्यासारखेच. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि दम्याने बेजार झालेल्या मामी. माझे बाबा त्याच मिलमध्ये होते आणि शेवटची काही वर्षं त्यांचा गुडघा इतका दुखायचा, की गल्लीच्या तोंडाशी यायला त्यांना वेळ लागायचा. बसमधली माणसं कुरकुरायची. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसायचे. "येऊन राह्यले न बाबू. पाय हाय तो, चाक नाही," म्हणायचे आणि बाबांना कळावं म्हणून दोनदा हॉर्न द्यायचे. बाबा वारले त्यानंतर कितीतरी दिवस मामा आमच्या गल्लीशी आले की दोनदा हॉर्न द्यायचे आणि मग पुढे जायचे. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "हाताले सवय हाय, वहिनी." तेव्हापासून आई त्या वेळेला दारात येऊन उभी राहायची.

फोटो काढताना मामा नेहमी मान वळवायचे. कुणाचं लग्न असो, बारसं असो, डावा गाल पुढे. आम्ही पोरी त्यांना चिडवायचो, "मामा, समोर पाहा ना." ते म्हणायचे, "समोरून काढलं तं दोन माणसायचं जेवण लावा लागन." स्वतःच्या चेहऱ्याची एवढी थट्टा करणारा माणूस त्या चेहऱ्यापायी कधी रडकुंडीला येईल असं कुणाला वाटलं नसतं.

ते झालं बसचा ठेकेदार बदलला तेव्हा. नव्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी बसच्या दाराशी नाही, तर ड्रायव्हरच्या खिडकीशी उभं राहून मामांना पाहिलं. म्हणजे उजवीकडून. मग मुकादमाला म्हणाला, "इस बुजुर्ग को कब तक बिठाओगे? किसी दिन नाले में डाल देगा सबको." मामांनी लायसन्स दाखवलं, जन्मतारीख दाखवली. वय एकावन्न. तो म्हणाला, कागदावर काहीही लिहिता येतं, होळीनंतर बघू.

मी तेव्हा सदर बाजारातल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर होते. फार्मसीचा डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं, पांढरा कोट अंगावर चढला होता आणि डोक्यातही. मामा एका दुपारी आले. सुट्टी टाकून आले होते, जे ते कधी करत नसत. गिऱ्हाइकं हटेपर्यंत कडेला उभे राहिले. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "वैशू, मले काही दे. हा गाल थोडासा बरा होईन असं. मले सुंदर नाही दिसा लागत. फक्त होळीपर्यंत एकसारखा दिसलो पाहिजे."

मी हसले. मला वाटलं, मामांची नेहमीची गंमत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. ते म्हणाले, "गाडी गेली तं मी काय करू सांग. मले दुसरं काही येत नाही."

दुकानात एक ट्यूब होती. सगळ्या दुकानांत होती. तिच्यात तीन औषधांचं मिश्रण असतं. एक डाग फिकट करतं, एक वरची कातडी सोलून काढतं आणि तिसरं स्टिरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं तिच्यावर लिहिलेलं असतं आणि दिवसातून दहा जणी ती नुसत्या "गोरं व्हायची ट्यूब" म्हणून मागून नेतात. मी ती मामांच्या हातात ठेवली आणि पुस्तकात वाचलेलं एकच वाक्य मोठ्या रुबाबात सांगितलं, "रोज झोपताना लावा, मामा. उठल्यावर धुऊन टाका."

त्यांनी जाताना विचारलं होतं, "हे डोळ्यापाशी दाणा हाय, त्याच्यावर बी लावू का?" उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, खालच्या पापणीवर, मसुराच्या डाळीएवढा काळसर दाणा होता. कडा जरा चमकत होती. "चार-पाच वर्षांचा हाय. कधी खपली धरते, कधी टॉवेल लागला का रक्त येते," ते म्हणाले. मी त्या दाण्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "लावा ना, जाईल तोही," मी म्हणाले.

तीन आठवड्यांत गाल बदलला. डाग फिकट झाले, कातडी मऊ आणि गुलाबीसर दिसायला लागली. दाण्याभोवतीची लाली उतरली, खपली धरायची थांबली. मामा दुकानात दाखवायला आले आणि सगळ्यांसमोर मला "डाक्टरीण" म्हणाले. होळी झाली, ठेकेदार काही बोलला नाही. मामींनी माझ्यासाठी अनरसे पाठवले. ते खाताना मला स्वतःचा जो अभिमान वाटला होता, तो आठवला की आजही अंगावर काटा येतो.

उन्हाळा लागला आणि गाल पेटला. लाल चट्टे, बारीक फोड, आग आग. त्या गालावर बारीक लव उगवली. मी सांगितलं, बंद करा. त्यांनी बंद केली तर दुप्पट आग झाली, चेहरा सुजला, आणि ठेकेदाराने पुन्हा वळून पाहिलं. मामांनी घाबरून पुन्हा लावली, तर बरं वाटलं. मग ती सुटेना. मी नसताना दुसऱ्याकडून न्यायचे. मी रागवायचे, ते मान हलवून "हव, हव" म्हणायचे आणि गमछा उजव्या गालावर ओढून घ्यायचे. आपल्या हातून काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण काय चुकलंय ते कळत नव्हतं. मी मनाशी म्हणत राहिले, उन्हाळा संपला की बसेल. एक उन्हाळा गेला, दुसरा आला.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांचे काही जुने कागद आणायला मी मिलमध्ये गेले. दुपारचे दोन वाजले असतील. आवारात मामांची बस उभी होती. म्हटलं भेटावं. जवळ गेले तर मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरशात पाहत होते. बोटावर ट्यूब घेऊन उजव्या गालावर, कपाळावर, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या दाण्यावर नीट चोळून लावत होते. डाव्या गालाला बोटसुद्धा लावलं नाही. मग गमछ्याची घडी करून खिडकीच्या कडेवर ठेवली, तिच्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडत होतं.

मी दार वाजवलं. "मामा, हे काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकून उठले. "काही नाही व माय. झोपाची वेळ झाली. तूच तं सांगतलं होतं न, झोपताना लावजा म्हणून."

"मी रात्री म्हणाले होते, मामा."

"रात्री कुठं म्हणली तू?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "अन् रातीले मी झोपतो कुठं? मामीले दम लागते, तिले टेकून बसवा लागते. माही झोप इथंच हाय. बारा वर्षं झाले."

खरंच, मी 'रात्री' असं म्हटलंच नव्हतं. ते मला सांगावंसंच वाटलं नव्हतं, कारण माझ्या जगात माणसं रात्री झोपतात. ज्या औषधाने कातडी पातळ होते, ज्याला ऊन अजिबात सोसत नाही, ते मामा दीड वर्ष रोज भर दुपारी लावून खिडकीच्या उन्हात झोपत होते. नेमाने, एक दिवस न चुकवता, मी सांगितलं म्हणून. मी बसच्या पायरीवर बसले तर मामाच पाण्याची बाटली घेऊन उतरले आणि म्हणाले, "ऊन लागलं तुले. डोक्शावर काही घेत नाही तुम्ही पोट्ट्या."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. म्हणाल्या, उन्हाने कातडीच्या आतला ताणून धरणारा धागा वर्षानुवर्षं तुटत जातो, म्हणून ती अशी जाड होते, लोंबते, डाग पडतात. काच लावली तरी उन्हाचा एक भाग आत येतोच, आणि तुमची तर काचही उघडी. यावर जादू नाही. सनस्क्रीन दोन्ही गालांवर, दर दोन-तीन तासांनी, डोक्यावर रुंद काठाची टोपी, पूर्ण बाहीचा शर्ट. कातडी शांत झाली की मी स्वतः एक हलकं औषध देईन, ते अंधार पडल्यावरच लावायचं. थोडा फरक पडेल, पण सव्वीस वर्षं पुसली जाणार नाहीत. मामा एकेक गोष्ट बोटांवर मोजून पाठ करत होते. मला वाटलं, वाचलो.

मग बाईंनी भिंग घेतलं आणि डोळ्याजवळचा दाणा पाहिला. बराच वेळ पाहिला. दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिला. त्यांचा आवाज बदलला. "ये ट्यूब किसने दी आपको?"

मी मामांच्या शेजारीच उभी होते.

"टेसन के पास एक आदमी बैठता था, मॅडम," मामा म्हणाले. "अब नहीं बैठता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी, पांढरा कोट घालणारी, गप्प राहिले.

दाण्याचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. उन्हाने होणारा, फार सावकाश वाढणारा. बाई म्हणाल्या, हा ट्यूबने झालेला नाही, हा आधीपासूनच होता. पण स्टिरॉइडने वरची लाली दाबली, आणि आतून तो वाढत राहिला. दीड वर्षापूर्वी आला असतात तर पापणीचा छोटा तुकडा काढून भागलं असतं. आता स्कॅनमध्ये तो डोळ्याच्या मागे, खोबणीत शिरलेला दिसत होता. डोळा काढावा लागेल.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. रिपोर्टांची पिशवी घेऊन मी रायपुरातल्या सगळ्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. एकटीने नागपूरला जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि तेच सांगितलं. मी त्यांच्या टेबलाला धरून म्हणाले, काहीतरी करा, तो माणूस ड्रायव्हर आहे. ते म्हणाले, बेटा, उशीर केलात तर जीवच जाईल. परत येताना गाडीत शेजारची बाई विचारत होती, काहून रडून राहिली, आणि मला तिला खरं सांगता येईना. मामी विहारात जाऊन बसायच्या. मी त्यांच्याकडे पाहणं टाळायचे. त्यांनी पाठवलेला अनरशांचा डबा अजून आमच्याच घरी होता, तो परत करायचा धीर होत नव्हता.

मामांनी मात्र एकच प्रश्न धरून ठेवला होता. ज्याला त्याला तोच विचारायचे. बाईंना, नर्सला, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला. ऑपरेशनच्या सकाळी मलाही विचारलं, "एका डोळ्यानं गाडी चालवता येईन न, वैशू? मी तं तसाही अर्धाच रस्ता पाह्यतो." बस चालवायचं लायसन्स राहणार नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, येईल मामा. त्यांना सांगितलेलं हे माझं तिसरं चुकीचं वाक्य.

ते घरी आले तेव्हा उजव्या डोळ्याच्या जागी मांडीची कातडी लावलेला खड्डा होता. बसवर दुसरा माणूस आला होता. सकाळी बस निघायच्या वेळेला मामा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. बस थांबायची, माणसं खिडकीतून "मामा, मामा" करायची, आणि बस गेली की ते हळूहळू परत यायचे. मग ओसरीवर बसून सनस्क्रीन लावायचे. दोन्ही गालांना, सारखं, बोटांवर मोजून. दर तीन तासांनी. ओसरीवर ऊन येत नव्हतं आणि मामा दिवसभर कुठे जात नव्हते. मी एकदा म्हणाले, मामा, घरात नाही लावलं तरी चालतं. ते म्हणाले, "राहू दे. डाक्टरचं आयकलं पाहिजे मानसानं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

एकदा मी विचारलंच. मामी आत होत्या. "डॉक्टरबाईंना खरं का नाही सांगितलं, मामा?"

त्यांनी सनस्क्रीनचं झाकण लावलं. मग म्हणाले, "माही जागा गेली तं गेली. तुही काहून घालवू? तुले बी दुसरं काही येत नाही." पुढे म्हणाले, "अन् तू कोनाले सांगजो नोको. तुह्या बापाले मी काय तोंड दाखवू."

मी अजून त्याच काउंटरवर आहे. ती ट्यूब मागायला माणसं अजून येतात. मी देत नाही. शेठजी चिडतात, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. आणि कुठलंही औषध झोपताना घ्यायचं असलं की मी आधी विचारते, तुम्ही झोपता कधी? लोक चमत्कारिक नजरेने पाहतात. पण उरल्याचा माणूस असला की सरळ उत्तर देतो. कुणी सकाळी आठला झोपतो, कुणी दुपारी ट्रकखाली. मग मी तसं लिहून देते.

मामा-मामी पुढे तुमसरला मामींच्या भावाकडे राहायला निघाले. हिवाळ्याचे दिवस होते, दुपारची गाडी. मी स्टेशनवर सोडायला गेले. सामान लावलं, मामींना बसवलं आणि खाली प्लॅटफॉर्मवर उतरले. मामा डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले, गाडीच्या तोंडाकडे तोंड करून. त्या बाजूला दक्षिणेचं स्वच्छ ऊन होतं आणि ते थेट त्यांच्या डाव्या गालावर येत होतं, त्या गुळगुळीत, पन्नाशीच्या गालावर. मी म्हणाले, "मामा, तिकडे सावलीत बसा. सनस्क्रीन लावलं ना?"

"नाही लावलं आज," ते म्हणाले.

"का?"

"हा गाल लहानच राह्यला व. दुसरा कुठच्या कुठं निघून गेला." त्यांनी डाव्या गालावरून हात फिरवला. "याले बी थोडंसं खिडकीत बसू दे."

मी खिडकीतून हात घालून शटर खाली ओढलं. आतून मामा "जयभीम, पोट्टे" म्हणाले. गाडी हलली. डबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला पोचायच्या आत ते शटर पुन्हा वर गेलेलं मला दिसलं.